खंडित जनुक आणि जोडलेला संदेश : एका शोधाचा इतिहास

सजीवाच्या पेशीत डीएनएमध्ये साठवलेली माहिती संदेशवाहक आरएनए या मध्यस्थ रेणूमार्फत प्रथिनांपर्यंत पोहोचते, हे १९६१ साली निश्चित झाले. परंतु दृश्यकेंद्रकी सजीवांत, म्हणजे ज्यांच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असते अशा बुरशीपासून माणसापर्यंतच्या सजीवांत, हा रेणू बहुतेक जनुकांवरून थेट तयार स्वरूपात उतरत नाही. आधी त्याचे लांबलचक पूर्वरूप तयार होते, मग त्यातील काही भाग कापून वगळले जातात आणि उरलेले भाग क्रमाने एकमेकांना जोडले जातात, ही गोष्ट कळण्यास आणखी सोळा वर्षे जावी लागली. कापण्या-जोडण्याच्या या क्रियेला स्प्लायसिंग असे म्हणतात. तिचा शोध उशिरा लागला याचे कारण पुराव्याचा अभाव हे नव्हते. पुरावा प्रयोगशाळांत साठत होता, मात्र त्याचा अर्थ लावू शकेल अशी कल्पना कोणत्याही सिद्धान्ताने पुरवली नव्हती, आणि अखेर ती आली ती सूक्ष्मदर्शकाखालच्या एका विसंगतीकडे दुर्लक्ष न करणाऱ्या संशोधकांच्या कामातून. स्प्लायसिंगच्या इतिहासातील पुढची महत्त्वाची पावलेही बहुतांशी अशीच, हाताने केलेल्या बारीक कामाच्या बळावर पडली आहेत.

जीवाणूंनी दिलेले चित्र

१९५० आणि १९६०च्या दशकांतील रेणवीय जीवशास्त्र प्रामुख्याने ई. कोलाय हा जीवाणू आणि त्याला ग्रासणारे विषाणू यांच्या अभ्यासावर उभे राहिले. सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी संदेशवाहक आरएनएचे अस्तित्व सिद्ध केले ते याच जीवाणूत. जनुकातील न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे डीएनएच्या घटक एककांचा, क्रम आणि प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम एकमेकांशी ओळीने जुळतो, हे १९६४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले : स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की यांच्या गटाने, तर केंब्रिजमध्ये ब्रेनर यांच्या गटाने. केंब्रिजच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील आनंद साराभाई. या निष्कर्षात काहीही चूक नव्हती, आणि जीवाणूंपुरता तो आजही खरा आहे. अडचण निर्माण झाली ती त्याच्या विस्तारामुळे, कारण जे जीवाणूत खरे आहे ते सर्व सजीवांत खरे असणार, हा त्या पिढीचा दृढ विश्वास होता आणि जनुक हा डीएनएचा एकसंध पट्टा असतो हे गृहीत तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नव्हती.

सस्तन प्राण्यांच्या पेशींवर काम करणाऱ्यांना मात्र त्याच काळात या चित्रात न बसणारी निरीक्षणे मिळत होती. जेम्स डार्नेल, क्लाउस शेरर आणि मॉस्कोचे गिओर्गी गिओर्गिएव यांच्यासारख्या संशोधकांना पेशीकेंद्रकात अतिशय लांब आरएनए रेणूंचा एक मिश्र साठा आढळला. किरणोत्सारी खूण असलेले घटक पेशींना थोडाच वेळ पुरवले तर ही खूण प्रथम या लांब रेणूंत दिसे. परंतु केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात प्रथिननिर्मिती करणारा संदेशवाहक आरएनए त्यांच्या मानाने खूपच आखूड असे आणि केंद्रकातील आरएनएचा बहुतांश भाग तर बाहेर न येताच नष्ट होई. पेशी एवढा आरएनए घडवून तो लगेच मोडून का टाकते, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

१९७१ साली कोडे अधिकच अवघड झाले. संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या टोकाला ॲडेनिन या एकाच घटकाची सुमारे दोनशे एककांची शेपटी असते, असे त्या वर्षी आढळले. पुढे १९७४-७५ मध्ये त्याच्या सुरुवातीच्या टोकाला उलट्या दिशेने जोडलेल्या मेथिलयुक्त ग्वानोसिनची टोपी असते, हेही स्पष्ट झाले. केंद्रकातील लांब रेणूंवरही हीच टोपी आणि हीच शेपटी होती. आखूड रेणू लांब रेणूपासून तयार होत असेल, तर एखादे टोक छाटले जात असणार, असे मानणे स्वाभाविक होते. परंतु लांब रेणूची दोन्ही टोके आखूड रेणूत शाबूत दिसत होती. मग मधला भाग कुठे गेला, हा प्रश्न आज ज्या सहजतेने विचारता येतो त्या सहजतेने त्या वेळी विचारला गेला नाही, कारण रेणूच्या मधूनच तुकडा वगळून टोके पुन्हा जोडण्याची क्रिया कोणाच्या कल्पनेतही नव्हती.

१९७७ : न जुळलेले टोक

उत्तर मिळाले ते ॲडेनोव्हायरस-२ या, श्वसनमार्गाला बाधा करणाऱ्या विषाणूकडून. या विषाणूचे सुमारे ३६,००० बेसजोड्यांचे डीएनए मानवी पेशीच्या केंद्रकात शिरते आणि आपल्या जनुकांचे आरएनए घडवण्यासाठी पेशीचीच यंत्रणा वापरते. त्यामुळे प्रचंड मानवी जनुकसंचात हरवून न जाता पेशीच्या कार्यपद्धतीचा अभ्यास करण्यास तो सोयीचा होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फिलिप शार्प यांच्या प्रयोगशाळेत सुसान बर्गेट आणि क्लेअर मूर या विषाणूच्या बाह्य कवचातील हेक्सॉन या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएवर काम करत होत्या.

त्यांनी वापरलेले तंत्र स्टॅनफर्डमध्ये नुकतेच विकसित झाले होते. आरएनए आणि त्याच्याशी जुळणारे डीएनए योग्य तापमानाला एकत्र ठेवले की आरएनए आपल्या पूरक डीएनए धाग्याशी जुळते आणि डीएनएचा दुसरा धागा बाजूला सरून त्याचे वेटोळे तयार होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे वेटोळे पाहून जनुक नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मोजता येते. हेक्सॉनच्या आरएनएचा मुख्य भाग अपेक्षेप्रमाणे डीएनएशी जुळला, परंतु त्याच्या सुरुवातीच्या टोकाचा दीडशे ते दोनशे न्यूक्लिओटाइडांचा भाग प्रत्येक वेळी मोकळाच राहिला. तयारीतील दोष म्हणून हे निरीक्षण बाजूला ठेवणे सोपे होते. तसे न करता त्या गटाने तेच आरएनए विषाणूच्या डीएनएच्या अधिक लांब, जनुकापासून बरेच अलीकडे पसरलेल्या एकेरी धाग्याशी जुळवून पाहिले, तेव्हा मोकळे राहिलेले टोक तीन वेगवेगळ्या, एकमेकांपासून दूर असलेल्या जागी जुळले आणि मधले न जुळलेले डीएनए तीन वेटोळ्यांच्या रूपाने बाहेर आले. याचा अर्थ एकच होता : डीएनएवर हजारो न्यूक्लिओटाइडांच्या अंतराने विखुरलेले चार तुकडे या आरएनएमध्ये एकमेकांना लागून बसले होते.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत दुसऱ्या वाटेने हाच निष्कर्ष निघत होता. रिचर्ड गेलिनास आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स यांना रासायनिक विश्लेषणातून असे आढळले होते की, विषाणूच्या संसर्गाच्या उत्तरकाळातील निरनिराळे संदेशवाहक आरएनए जवळजवळ सर्वच अकरा न्यूक्लिओटाइडांच्या एकाच क्रमाने सुरू होतात. जनुके वेगवेगळ्या जागी असताना सर्वांची सुरुवात एकच कशी, या प्रश्नाचा निकाल लुईझ चाऊ आणि थॉमस ब्रोकर यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रांनी लावला : तिथेही तेच तीन दूरस्थ तुकडे प्रत्येक आरएनएच्या आरंभी जोडलेले दिसले. जून १९७७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील वार्षिक परिसंवादात हे निष्कर्ष मांडले गेले. एमआयटीचा शोधनिबंध ऑगस्टमध्ये आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरचा सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला.

ही विषाणूची वेगळी खोड असावी, अशी शंका फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी ॲलेक जेफ्रीज आणि रिचर्ड फ्लॅवेल यांनी सशाच्या बीटा-ग्लोबिन जनुकात, तर स्ट्रासबर्गमध्ये पिएर शाँबाँ यांच्या गटाने कोंबडीच्या ओव्हाल्ब्युमिन जनुकात असेच खंड पडलेले दाखवले. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील या प्रथिनाचे जनुक सुमारे ७,७०० बेसजोड्यांचे, तर त्याचे तयार संदेशवाहक आरएनए १,८७२ न्यूक्लिओटाइडांचे असते. म्हणजे पूर्वरूपाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वगळला जातो. १९७८ साली हार्वर्डच्या वॉल्टर गिल्बर्ट यांनी वगळल्या जाणाऱ्या भागांना इंट्रॉन आणि टिकणाऱ्या भागांना एक्सॉन ही नावे दिली. शाँबाँ यांच्या गटाने याच काळात दाखवून दिले की, डीएनएच्या भाषेत इंट्रॉनची सुरुवात जीटी या दोन अक्षरांनी आणि शेवट एजी या दोन अक्षरांनी होतो. छाटणीच्या जागा ओळखण्याचा हा पहिला सर्वसाधारण नियम ठरला. केंद्रकातील लांब आरएनएचे जुने कोडेही त्यामुळे मोठ्या प्रमाणात सुटले.

कापणारे आणि जोडणारे यंत्र

एका न्यूक्लिओटाइडाचीही चूक झाली तर पुढचा सर्व संदेश बिघडू शकतो. तेव्हा हजारो न्यूक्लिओटाइडांच्या रेणूत कापण्याची नेमकी जागा कोण ओळखते, हा पुढचा प्रश्न होता. त्याचा धागा सापडला तो ल्युपस या विकाराच्या रुग्णांच्या रक्तात. या विकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशीघटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी १९७९ साली दाखवले की, काही रुग्णांची प्रतिपिंडे केंद्रकातील लहान आरएनए आणि प्रथिने यांच्या संयुक्त कणांना पकडतात. त्यांपैकी यू-१ या आरएनएचे एक टोक इंट्रॉनच्या आरंभीच्या क्रमाला पूरक होते. म्हणून हा कण छाटणीची जागा ओळखत असावा, असा तर्क स्टाइट्झ यांच्या गटाने १९८० साली मांडला, आणि १९८३ मध्ये हीच प्रतिपिंडे घातल्यावर परीक्षानळीतील स्प्लायसिंग थांबते असे दिसून आल्यामुळे त्या तर्काला भक्कम आधार मिळाला.

परीक्षानळीतील स्प्लायसिंग हीच मुळात कष्टाने साध्य झालेली गोष्ट होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला या मानवी पेशींच्या केंद्रकांचा अर्क काढून, त्यात पूर्वरूप आरएनए टाकून ते योग्य रीतीने कापले-जोडले जाते हे १९८३-८४ मध्ये शार्प, टॉम मॅनिएटिस आणि इतरांच्या प्रयोगशाळांनी साध्य केले. या अर्कातील आरएनए विद्युत्‌प्रवाहाने जेलमधून सरकवून वेगळे केले असता काही पट्ट्या विचित्र जागी दिसल्या : लांबीच्या हिशेबाने जे रेणू पुढे जायला हवे होते ते मागे रेंगाळत होते आणि जेल जितके दाट तितके अधिक मागे राहत होते. सरळ धाग्याच्या रेणूचे असे वर्तन नसते. १९८४ साली मॅनिएटिस व मायकेल ग्रीन यांचा गट, शार्प यांचा गट आणि यीस्टवर काम करणारा जॉन एबल्सन यांचा गट यांच्या निष्कर्षांतून याचे स्पष्टीकरण मिळाले. प्रथम इंट्रॉनचे आरंभीचे टोक पहिल्या एक्सॉनपासून सुटते आणि इंट्रॉनच्याच शेवटाजवळच्या एका ॲडेनोसिनला चिकटते, त्यामुळे इंट्रॉनचा फास तयार होतो. नंतर पहिल्या एक्सॉनचे मोकळे टोक दुसऱ्या एक्सॉनच्या आरंभाला जोडले जाते आणि फासाच्या आकाराचे इंट्रॉन बाहेर पडते. जेलमध्ये रेंगाळणारे रेणू हे फासच होते.

१९८५ साली ही क्रिया घडवणारे प्रचंड संकुल अर्कातून वेगळे करता आले आणि त्याला स्प्लायसोसोम हे नाव मिळाले. पाच लहान आरएनए आणि शंभराहून अधिक प्रथिने यांचा हा संच आधीपासून तयार नसतो. प्रत्येक इंट्रॉनवर तो क्रमाक्रमाने जुळतो, काम झाल्यावर सुटा होतो आणि पुढच्या इंट्रॉनवर पुन्हा उभारला जातो. त्यातील घटक ओळखण्यासाठी यीस्टमधील उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील वारसा जाणारे बदल, फार उपयोगी पडली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच विषयावर संशोधन करणाऱ्या उषा विजयराघवन यांनी एबल्सन यांच्यासह १९८९ साली प्रसिद्ध केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्याआधी १९८२ साली थॉमस चेक यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातील एक इंट्रॉन कोणत्याही प्रथिनाच्या मदतीविना स्वतःला कापून बाहेर पडते, हे दाखवले होते. त्यामुळे स्प्लायसोसोममध्येही प्रत्यक्ष रासायनिक काम आरएनएच करत असावा असा कयास बांधला गेला, आणि २०१३ साली शिकागो विद्यापीठातील प्रयोगांनी तो खरा ठरवला. २०१५ पासून बीजिंगमधील यिगाँग शी, केंब्रिजमधील किओशी नागाई आणि ग्योटिंगेनमधील राइनहार्ड ल्यूरमन यांच्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्प्लायसोसोमची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली.

छाटणीतील निवड

खंडित जनुके सापडल्यावर इंट्रॉन हा केवळ टाकाऊ भाग आहे, असे अनेकांना वाटले. १९८० साली या मताला पहिला मोठा धक्का बसला. रोगप्रतिकारक पेशी आयजीएम हे प्रतिपिंड आधी आपल्या पटलावर रोवून ठेवते आणि पुढे तेच प्रतिपिंड रक्तात सोडते. ही दोन्ही रूपे एकाच जनुकाच्या आरएनएची शेवटाकडील जोडणी दोन प्रकारे झाल्याने निर्माण होतात, असे त्या वर्षी दिसले. १९८२ मध्ये आणखी ठळक उदाहरण पुढे आले : एकाच जनुकापासून थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन हे संप्रेरक तयार होते, तर चेतापेशींत निराळीच जोडणी होऊन वेगळे प्रथिन घडते. फलमाशीत तर मादी होणे की नर होणे हेच स्प्लायसिंगच्या निर्णयांच्या साखळीवर अवलंबून असल्याचे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झाले. या माशीच्या डीस्कॅम या जनुकापासून तर एक्सॉनांच्या निरनिराळ्या निवडींमुळे ३८,०१६ प्रकारचे संदेशवाहक आरएनए संभवतात, असे २००० साली दाखवण्यात आले.

हे निर्णय कसे होतात, याचे उत्तर पुढील दोन दशकांत मिळत गेले. एक्सॉन आणि इंट्रॉन या दोहोंत छाटणीला उत्तेजन देणारे आणि तिला अडवणारे छोटे क्रम विखुरलेले असतात. उत्तेजक क्रमांवर बसणारी प्रथिने स्प्लायसोसोमच्या घटकांना जवळ बोलावतात, तर अडवणाऱ्या क्रमांवरची प्रथिने त्यांना दूर ठेवतात. कोणत्या पेशीत कोणती प्रथिने किती आहेत यावर एखादे एक्सॉन टिकणार की गळणार हे ठरते. मानवी जनुकसंचात प्रथिन घडवणारी जनुके सुमारे वीस हजारच आहेत, ही एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनपेक्षित ठरलेली गोष्ट या संदर्भात समजते, कारण अनेक एक्सॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जनुकांचे आरएनए एकाहून अधिक प्रकारे जोडले जाते, असे २००८ मधील अभ्यासांनी दाखवले.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

छाटणीतील चुकीची किंमत भारतात हजारो कुटुंबे मोजत आली आहेत. बीटा-थॅलसेमिया या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशींतील बीटा-ग्लोबिन पुरेसे तयार होत नाही आणि तीव्र स्वरूपात मुलाला नियमित रक्त देत राहावे लागते. भारतीयांत या विकाराचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे बीटा-ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधील पाचव्या जागी जी ऐवजी सी येणे. प्रथिनाच्या अमिनो आम्लांशी या जागेचा काहीही संबंध नाही. परंतु त्या बदलामुळे इंट्रॉनचा आरंभ यू-१ला नीट ओळखता येत नाही, यंत्रणा जवळपासच्या चुकीच्या जागी कापते आणि योग्य आरएनएचे प्रमाण फार घटते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारविषयक संस्था अशा उत्परिवर्तनांचा दीर्घकाळ अभ्यास करत आली आहे, आणि गर्भावस्थेतच निदान करण्यासाठी ही माहिती प्रत्यक्ष उपयोगी पडते. १९७७ पूर्वी या एका अक्षराच्या बदलाला काही अर्थच लावता आला नसता.

चूक ओळखण्यापासून ती सुधारण्यापर्यंतचा प्रवास स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या, बालकांचे स्नायू क्षीण करणाऱ्या विकारात पूर्ण झाला. या मुलांत एसएमएन-१ हे जनुक निकामी असते. एसएमएन-२ हे त्याचे जवळजवळ तंतोतंत प्रतिरूप शाबूत असूनही उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या सातव्या एक्सॉनमधील एका अक्षराच्या फरकामुळे ते एक्सॉन बहुतेक वेळा वगळले जाते. त्यापुढच्या इंट्रॉनमधील एक क्रम हे एक्सॉन टिकू देत नाही, असे रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली दाखवले. कोल्ड स्प्रिंग हार्बरचे एड्रियन क्रेनर आणि आयोनिस या कंपनीतील संशोधकांनी तोच क्रम झाकणारा अठरा न्यूक्लिओटाइडांचा कृत्रिम रेणू घडवला. नुसिनर्सेन या नावाने त्याला डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. हे औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचले जाते आणि वगळले जाणारे एक्सॉन पुन्हा जोडले जावे, एवढेच काम करते. त्याची अफाट किंमत हा मात्र अजून न सुटलेला सामाजिक प्रश्न आहे.

१९९३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक खंडित जनुकांच्या शोधासाठी रॉबर्ट्‌स आणि शार्प यांना मिळाले. न जुळलेले टोक प्रत्यक्ष पाहणाऱ्या आणि मोजणाऱ्या बर्गेट, मूर, चाऊ, ब्रोकर व गेलिनास यांची नावे त्या यादीत नव्हती. विशेषतः चाऊ यांना वगळल्याबद्दल शास्त्रज्ञवर्तुळात आक्षेपही घेतले गेले. हा आक्षेप न्याय्य होता. स्प्लायसिंगच्या शोधाकडे नेणारे भाकीत कोणत्याही सिद्धान्ताने केलेले नव्हते. तो लागला तो डीएनए आणि आरएनए यांची नाजूक तयारी जमवणाऱ्या, चित्रांवर धाग्यांची लांबी मोजणाऱ्या आणि दोष म्हणून सोडून देण्याजोग्या टोकाचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसांमुळे. जेलमध्ये मागे राहिलेली पट्टी, रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड, इंट्रॉनमधील पाचवे अक्षर या सर्वांच्या बाबतीत हेच घडले. म्हणून या विषयाचा इतिहास लिहिताना सूत्र मांडणाऱ्यांच्या आधी विसंगती टिपणाऱ्यांची नोंद झाली पाहिजे, आणि आजच्या प्रयोगशाळांत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना अपेक्षेत न बसणारे निरीक्षण जपून ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून शिकवली गेली पाहिजे.